समृद्धीवरून जाताय? सिंदखेडराजाला उतरा!

नागपूर-मुंबई रस्त्याने स्वतःच्या गाडीने ये-जा करणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ही कळकळीची विनंती आहे. समृद्धी महामार्गावर जालना आणि मेहकर यांच्या दरम्यान सिंदखेडराजाची पाटी लागते. पुढच्या खेपेला तिथे गाडी खाली घ्या. चहापुरती नको, निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा, आणि जमलंच तर एक रात्र त्या भागात मुक्काम करा. ‘बघू कधीतरी’ असं म्हणून ही गोष्ट पुढे ढकलू नका. येत्या सुट्टीतच करा. या गावाची आणि वाटसरूंची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख अगदी आपल्या डोळ्यांदेखत तुटत चालली आहे, आणि एकदा तुटली की ती सरकारी फलकांनी जोडली जाणार नाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. विदर्भाला या रस्त्याची गरज होती, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण त्याआधी नागपूरहून मुंबईला जायचं तर मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी वाट होती. तो जुना रस्ता गावातूनच जातो आणि जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचं महाद्वार त्या रस्त्यालाच लागून उभं आहे. एसटी असो, मालट्रक असो, लग्नाचं वऱ्हाड असो, जिजाऊंच्या जन्मस्थानासमोरून गेल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. खिडकीतली आजी हात जोडायची आणि मांडीवरच्या नातवाला सांगायची, “हे बघ, इथं जिजाऊ जन्मल्या.” एवढ्या एका वाक्यावर कितीतरी मुलांच्या मनात हे गाव घर करून राहिलं. आता ताशी १२० किलोमीटरच्या वेगात ती पाटी डोळ्यांसमोरून केव्हा गेली हेही कळत नाही. मागच्या सीटवरच्या मुलाला तर नाहीच, कारण तो मोबाइलमध्ये असतो.

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात सिंदखेडचे जाधव सगळ्यांनी वाचलेले आहेत. रायगडावर आपण जातो. पायथ्याच्या पाचाडला, जिथे १७ जून १६७४ ला, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी जिजाऊंनी देह ठेवला, तिथेही थांबतो. पुण्यात लाल महाल दाखवतो. मग १२ जानेवारी १५९८ ला त्या जिथे जन्मल्या, ते त्यांचं माहेर वाटेवर असूनही का चुकवतो?

जे जातात त्यांच्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. महाद्वारात फोटो, आत जन्मस्थानी जिजाऊंच्या पुतळ्यापुढे नमस्कार, की वीस-पंचवीस मिनिटांत मंडळी गाडीत. नमस्कार हवाच. पण सिंदखेडराजा म्हणजे केवळ राजवाडा नव्हे. हे निजामशाहीतल्या एका बलाढ्य मराठा सरदाराने वसवलेलं, जोपासलेलं, पाण्यासकट विचार करून उभं केलेलं अख्खं गाव आहे. लखुजीराव इथले देशमुख. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं हे घराणं. शिवकाळाच्या आदल्या पिढीतला मराठा सरदार कसा राहत होता, काय बांधत होता, कुठल्या देवाला भजत होता, कुणाशी लढत होता, हे एका फेरीत पायी हिंडून बघता येईल अशी ठिकाणं महाराष्ट्रात फार थोडी उरली आहेत.

माझं ऐकाल तर राजवाडा झाल्यावर लखुजीरावांच्या समाधीपाशी जा आणि तिथे घाई करू नका. खाली घडीव दगड, वर वीट आणि चुना, दर्शनी भिंतींत कमानींचे कोनाडे आणि डोक्यावर घुमट. हिंदू सरदाराच्या समाधीची एवढी मोठी वास्तू क्वचितच पाहायला मिळते. बांधणी दख्खनी आहे, म्हणजे त्या काळात अहमदनगर-दौलताबादकडे जे कारागीर घुमट आणि कमानी उभारत होते त्यांच्याच हातची वाटावी अशी. मुलांना दाखवा की वीट कुठे सुरू होते, चुन्याचा गिलावा कुठे टिकलाय आणि कुठे गळून पडलाय. मग ही समाधी कशामुळे झाली, ते त्यांना सांगा. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला गेलेल्या लखुजीरावांना, अचलोजी आणि राघोजी या मुलांना आणि यशवंतराव या नातवाला दगा करून मारण्यात आलं. एका दिवसात घराण्याच्या तीन पिढ्यांवर घाव पडला. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे बाप, भाऊ, भाचा गेल्याची बातमी जिजाऊंच्या कानी आली तेव्हा त्या गरोदर होत्या. शिवनेरीवरच्या त्या बाळंतपणामागे हे केवढं दुःख होतं, ते या घुमटाखाली उभं राहिल्यावर जसं कळतं तसं पुस्तकातून कळत नाही. माझ्या मते संपूर्ण सिंदखेडराजात सगळ्यांत महत्त्वाची जागा हीच, आणि सर्वांत कमी लोक थांबतात तेही इथेच.

या समाधीभोवती २०२४ मध्ये जे घडलं ते तर अजून ताजं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संवर्धनाचं काम चालू असताना दगडांची एक रांग लागली. पुढे खोदल्यावर शिवमंदिराचे अवशेष उघडे पडले आणि जूनमध्ये, सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी सुमारे एक मीटर सत्तर सेंटीमीटर, उंची एक मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी आणि खाली समुद्रमंथनाचा देखावा. दगड इथला काळा बेसॉल्ट नाही. तो मऊ, बारीक कोरीव कामाला वश होणारा क्लोराइट शिस्ट. आपल्याकडे काळ्या पाषाणात घडवलेल्या मूर्ती बघायची डोळ्यांना सवय असते. या दगडातली नखाएवढी बारीक नक्षी पाहिली की हात आपसूक पुढे जातो. (हात लावू नका, एवढंच.) चारशे वर्षांच्या समाधीच्या पायाशी त्याहून जुनं देऊळ निघतं, त्यात अशी मूर्ती मिळते, म्हणजे या गावाच्या पोटात अजून काय काय असेल याचा अंदाज बांधणं कठीण आहे. अशा वेळी गावात वर्षभर जाणती माणसं येत-जात राहिली तर उत्खननाला पैसे मिळतात, संग्रहालयाची मागणी जोर धरते, जे सापडलं ते नीट ठेवायची निकड वरपर्यंत पोहोचते. कुणी फिरकतच नसेल तर फाइल कपाटात जाते.

पाण्याची गोष्ट मला विशेष सांगायची आहे, कारण ती आजच्या बुलढाणा-जालन्याला फार लागू आहे. हा पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. सोयाबीन, कपाशी, आणि अलीकडे रस्त्याच्या दुतर्फा दिसणारी बीजोत्पादनाची पांढरी शेडनेट, सगळं पाण्याच्या भरवशावर. जाधवांच्या काळात इथे मोती तलाव बांधला गेला. त्याच्या बांधापाशी जा. हा नुसता मातीचा भराव नाही. घडीव दगडांचं भरभक्कम बांधकाम आहे, कमानी आहेत, पायऱ्या आहेत. धरणाच्या भिंतीला देखणेपण द्यावं असं त्या माणसांना वाटलं. चांदणी तलावात मधोमध इमारत उभी आहे. पाऊसकाळ बरा झाला तर ती पाण्याने वेढली जाते. सजना बारवेचा संबंध गावच्या पाणीपुरवठ्याशी जोडला जातो. आणि पुतळा बारव तर वेळ काढून उतरण्याजोगी. तिच्या भिंतींत मूर्ती आहेत, म्हणून तिचं नाव पुतळा बारव. पाणी भरायला जाताना बायकांना पायरीपायरीवर देव, पशू, नर्तकी भेटत असतील. बारवेत उतरताना पाय जपून टाका, शेवाळ असतं, आणि मुलांचा हात सोडू नका.

रंगमहाल, जिथे रंगपंचमीला छोट्या जिजाऊ आणि शहाजीराजांनी एकमेकांवर रंग उधळल्याची कथा सांगितली जाते. नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही जुनी देवळं. काळ्या दगडाचा काळाकोट. साकरवाड्याची उंच तटबंदी. या सगळ्यांना दोन-दोन ओळींत उरकणं बरं नाही, पण जागा अपुरी आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की आजूबाजूचं रानही साधं नव्हे. १७२४ मध्ये जवळच्या साखरखेर्ड्याच्या लढाईत हैदराबादच्या निजामाने मुघल सुभेदार मुबारिजखानाचा पाडाव केला आणि दख्खनेत आपलं राज्य रोवलं. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडलाच पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा भिडल्या. तुम्ही ज्या शेतांकडे गाडीच्या काचेतून बघत जाता, त्या शेतांतून घोडदळ गेलेलं आहे.

आता थोडं अवघड बोलतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्यापाशी समृद्धीवर एक खासगी बस उलटली, पेटली आणि २५ प्रवासी झोपेतच गेले. त्या रात्रीनंतर या रस्त्यावरच्या अपघातांची खूप चर्चा झाली. सरळसोट रस्ता, एकसारखा वेग, तासन्‌तास डोळ्यांसमोर तेच काँक्रीट; चालवणाऱ्याचं भान सुटतं, डोळे उघडे असतात पण मन जागं नसतं. यावर उपाय म्हणून सगळे एकच सांगतात: दोन-अडीच तासांनी थांबा, उतरा, पाय मोकळे करा. मग थांबायचंच आहे तर पंपाच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात कशाला? नागपूरहून सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या आत इथे पोहोचता येतं. जेवा, दोन तास हिंडा, सावलीत बसा, मग पुढे निघा. घरी पोहोचायला रात्रीचे आठ वाजणार होते तिथे दहा वाजतील, किंवा दुसरा दिवस उजाडेल. उजाडू द्या. लेकरं मागे बसलेली असताना दोन तास वाचवण्याची एवढी काय घाई आहे?

जेवायचं गावात. या वाक्यावर मी अडून बसणार आहे. समृद्धीवरच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांतून या गावाच्या हाती काहीच पडत नाही. पैसा वरच्यावर निघून जातो. जुन्या रस्त्याच्या कडेला ज्यांनी चहाच्या टपऱ्या, रसवंत्या, खानावळी चालवल्या त्यांचं गिऱ्हाईक रात्रीतून वळलं. इथे ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं, वांग्याचं भरीत मिळतं. मिरची झेपत नसेल तर तसं आधीच सांगा. ज्या घरातल्या पोराला पाहुण्यांना गाव दाखवून चार पैसे मिळतात, ते पोर उद्या बारवेत कचरा टाकणाऱ्याचा हात धरतं. मी हे होताना पाहिलं आहे. म्हणून राजवाड्यापाशी कुणी माहितगार माणूस सोबत यायला तयार असेल तर घ्या आणि त्याला मोबदला द्या. घासाघीस करू नका. ज्याच्या पाच पिढ्या या वाड्याच्या सावलीत गेल्या, त्याचं बोलणं इंटरनेटवरच्या चार ओळींपेक्षा नक्कीच मोलाचं असतं. त्यातली दंतकथा कुठली आणि इतिहास कुठला, हे नंतर घरी जाऊन शांतपणे तपासता येतं.

येताना मात्र शहाण्यासारखे या. किल्लीने भिंतीवर नाव कोरणं, बदामात बाण काढणं, शिलालेखाची अक्षरं दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पीठ चोळणं, मूर्तीला तेल-शेंदूर फासणं, यातलं काहीही करू नका आणि शेजारचा करत असेल तर गप्प बसू नका. खडू चोळला की दगडाची रंध्रं भरतात, अक्षराची कड झिजते. पुढच्या वाचणाऱ्याला ते अक्षर मिळत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, हेही माहीत असू द्या. कायद्याच्या धाकाने सुधारतील असे थोडेच, पण मोठा माणूस खिशात रिकामी बाटली घालून परत आणतो हे मुलाने एकदा पाहिलं की त्याला वेगळं सांगावं लागत नाही. चपला जिथे काढायच्या तिथे काढा. देवळात पूजा चालू असेल तर फोटो थांबवा. ही जागा जिवंत आहे. तिथे रोज दिवा लागतो.

सिंदखेडराजाच्या आणि आसपासच्या गावांतल्या माझ्या भावाबहिणींनाही हात जोडून सांगणं आहे. नांगराला लागलेला कोरीव दगड, विहीर खणताना निघालेली मूर्ती, बांधाला टेकवलेली वीरगळ घराची पायरी करायला उचलू नका. ती जिथे सापडली तिथेच असेल तरच अभ्यासकाला तिची हकीकत कळते; हलवली की ती मुकी होते. तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि कळवण्याआधी ती जागा, दिशा आणि खोली दिसेल असे फोटो काढून ठेवा. पाहुणा आला तर रस्ता दाखवा. बारवेकडे जाणारी वाट काटेरी झुडपांनी झाकली असेल तर एका रविवारी पाच-सहा जणांनी मिळून ती मोकळी करा. बाहेरच्या माणसाला वाट दिसली तरच तो येईल.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजात माणसांचा पूर लोटतो. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, आया लेकींना जिजाऊंचा वेश करून आणतात, गावाला तीळ ठेवायला जागा उरत नाही. तो दिवस गावाचा सण आहे आणि तो तसाच राहावा. पण त्या गर्दीत मोती तलाव कुणी बघत नाही, समाधीच्या विटा कुणी बघत नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत येणारी माणसं या गावाला हवी आहेत. दिवसाला वीस गाड्या जरी खाली उतरल्या तरी एक खानावळ नीट चालते, एखादं घर दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला तयार होतं, पुरातत्त्वाच्या पहारेकऱ्याच्या जोडीला गावाचीही नजर राहते.

शाळांच्या मुख्याध्यापकांना वेगळं सांगतो. सहलीची बस पाण्याच्या खेळांच्या बागेकडे वळवण्याआधी एकदा नकाशा उघडा. बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, वाशिम इथल्या कुठल्याही शाळेला सिंदखेडराजा एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. मुलांना मोजपट्टी द्या, काळाकोटाच्या भिंतीची जाडी मोजायला लावा, बारवेच्या मूर्तींची चित्रं काढायला सांगा. विदेशात राहणाऱ्यांनाही तेच. दोन वर्षांनी तुम्ही तीन आठवड्यांसाठी येता, नागपूर-अकोल्याच्या आजोळी मुलांना नेता; वाटेवरचा हा अर्धा दिवस त्यांना द्या.

वेळ कशी बसवायची, तेही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत समाधी आणि राजवाडा उरकून घ्या, मधलं ऊन जेवणात आणि देवळांच्या गारव्यात घालवा, तलाव आणि बारव चारनंतर. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. भर पावसाळ्यात बारव टाळा. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी लोणारला जा: उल्कापाताने बेसॉल्टात पडलेलं, पावणेदोन किलोमीटरच्या घरातलं विवर, त्यातलं खारट पाणी, काठची देवळं आणि वर गावातलं दैत्यसूदन मंदिर. परतीच्या वाटेवर मेहकरला १८८८ मध्ये सापडलेल्या शारंगधर बालाजीचं दर्शन होतं. दोन दिवसांत इतकं पदरात पडतं, आणि मुख्य रस्त्यापासून फार लांबही जावं लागत नाही.

शेवटचं काम घरी परतल्यावरचं. तिथे जे चांगलं दिसलं आणि जे खटकलं ते दोन्ही लिहून बुलढाणा जिल्हाधिकारी कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला पाठवा. स्वच्छतागृह नव्हतं, पाटी मोडली होती, बारवेत कचरा होता, गिलावा पडत होता, उत्खननात सापडलेलं पाहायला मिळालं नाही, जे असेल ते तारखेसकट, फोटोसकट. सिंदखेडराजात जे सापडलं ते सिंदखेडराजातच पाहायला मिळावं यासाठी चांगलं संग्रहालय उभारा, अशी मागणी त्यात ठासून करा. एकाच्या पत्राची कुणी दखल घेणार नाही. पाचशे पत्रं गेली तर टेबलावर ढीग दिसतो. दहा मिनिटांचं काम आहे, ते परतल्याच्या आठवड्यातच उरका.